मे महिन्यात या, मग बोलू

जमीन पाहायला श्रावणात येऊ नका. त्या महिन्यात पारनेरचा माळसुद्धा हिरवागार असतो, ओढा वाहत असतो आणि पुण्याहून गाडी घेऊन आलेलं कुटुंब बांधावर उभं राहून फोटो काढत असतं. विकणाऱ्याला भाव बोलायला याच्याइतका चांगला मुहूर्त नाही. मी गिऱ्हाइकाला मे महिन्यात बोलावतो. विहिरीत डोकवायचं, मोटार चालू करायला लावायची आणि ती किती वेळात हवा ओढायला लागते ते घड्याळावर पाहायचं. तासाभरात पाणी तुटलं आणि पुन्हा साचायला रात्र गेली, तर उताऱ्यावर ‘बागायत’ लिहिलेलं असलं तरी ती जमीन जिरायत समजून भाव करायचा.

‘नगरला एकराचा भाव काय चाललाय?’ असं फोनवर विचारतात. याला उत्तर नाही. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आमचा, तालुके १४. अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा कर्जत-जामखेडला लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला, १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्या पट्ट्यातल्या जमिनीचं गणितच वेगळं झालं. शेजारच्या कोरड्या गावांना निळवंडे धरणाच्या पाण्यासाठी वाट पाहावी लागली. त्या प्रकल्पाचा विचार १९७० पासूनचा. ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ रोजी.

कालवा गावातून गेला म्हणजे सगळं गाव भिजलं असं होत नाही. पाणी उताराने जातं. कालव्याच्या खालच्या अंगाचा गट लाभात येतो, वरच्या अंगाच्या गटाला कालवा नुसता दिसतो. दोन्ही गट एकमेकांसमोर, मधे फक्त भराव, आणि भावात दुपटीचा फरक. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे ‘कॅनॉल टच’. कुकडी कालव्याच्या शेवटाकडची जमीन असेल तर आणखी एक चौकशी करायची: गेल्या उन्हाळ्यात आवर्तन टेलपर्यंत पोचलं का, आणि कितव्या दिवशी? हे विकणाऱ्याला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. जुन्या कालव्यांच्या पट्ट्यात उलटा त्रास असतो. वर्षानुवर्षं पाणी देऊन काही जमिनी चोपण झाल्यात. वरती पांढुरकी खार दिसते, उसाची उगवण ठिगळं लावल्यासारखी असते. तिथे पाणी भरपूर आणि पीक बेताचं.

आता विहीर. इकडे अख्खी विहीर एकाच मालकाची असणं ही चैन आहे. आजोबांनी खोदली, तीन मुलांत वाटणी झाली, एकाने आपला हिस्सा पुतण्याला दिला, असं करत विहिरीत चार आणे, दोन आणे हिस्से पडतात. चार आणे हिस्सा म्हणजे पाण्याचा चौथा भाग. व्यवहारात त्याची पाळी ठरलेली असते, सोमवार-मंगळवार तुझे, बुधवारपासून माझे. ही पाळी कागदावर क्वचितच असते. मागे राहुरीकडच्या एका सौद्यात जमीन ठीक, उतारा स्वच्छ, भाव जुळलेला. पण विहीर शेजारच्या गटात आणि तिथून आलेली पाइपलाइन तिसऱ्याच्याच बांधाखालून. मालक म्हणाला, “अहो, चाळीस वर्षं चालू आहे, कोण अडवतंय?” त्याला कोणी अडवत नव्हतं, कारण तो भावकीतला होता. परका माणूस आला की पहिल्याच उन्हाळ्यात पाइप फुटतो, कसा ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून खरेदीखतात विहिरीतला हिस्सा, पाळीचे दिवस, मोटार, पाइपलाइन आणि ती ज्या गटांतून जाते ते गट नंबर असं सगळं लिहून घ्यायचं, आणि त्या गटवाल्याची लेखी संमती जोडायची. शेजारी संमती देताना कुरकुरला तर तीही माहितीच समजायची.

रस्त्याचंही तेच. गाडी बांधापर्यंत गेली म्हणजे रस्ता आहे असं समजू नका. सुगी झाल्यावर रानातून कुणीही जाऊ देतो. गावनकाशात गाडीवाट दाखवलीय का, शिवरस्ता लागतो का, हे पाहायचं. चालू वहिवाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधाच्या कडेने मागता येतो. तहसीलदार जागेवर येतात, पंचनामा होतो, आदेश होतो, मग समोरचा अपिलात जातो. विनारस्त्याची जमीन स्वस्त मिळते ती याचसाठी.

एवढं पाहून झालं की कागद. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यामुळे मालकाने खिशातून काढलेली जुनी झेरॉक्स बघायची गरज उरलेली नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं; एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो. नवखा माणूस नाव आणि क्षेत्र बघतो आणि घडी घालून ठेवतो. मी आधी भोगवटादाराचा वर्ग पाहतो आणि लगेच ‘इतर हक्क’ या रकान्याकडे जातो. जमिनीची खरी दुखणी तिथे लिहिलेली असतात.

सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा हे साधं दुखणं. पैसे भरले, दाखला आणला, बोजा उतरला. कुळाचं नाव असेल तर थांबायचं. ‘पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी’ अशी नोंद आमच्याकडे धरणांच्या लाभक्षेत्रांत भेटते. ती उठेपर्यंत सौदा नाही. ‘कलम ४३ ला पात्र’ असं असेल तर ती कुळकायद्यात मिळालेली जमीन. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. आकार म्हणजे जुना शेतसारा, तेव्हा चाळीस पट ऐकून घाबरायचं कारण नाही; बहुतेक वेळा ती रक्कम तुमच्या गाडीच्या पेट्रोलपेक्षा कमी भरते.

वर्ग दोन, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, म्हटलं की सरसकट ‘नको’ म्हणणारे एजंट आहेत. मी विचारतो, वर्ग दोन कशामुळे? महार वतनाची जमीन नवीन शर्तीची, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. मूळ वतनदारांच्या वारसांना अंधारात ठेवून झालेले व्यवहार पुढे कोर्टात उभे राहतात, आणि राहायलाच हवेत. देवस्थान इनामाच्या वाटेला जायचंच नाही. तिथे वहिवाटदार देवाच्या नावाने जमीन कसतो, ती विकायला त्याची नसते. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव भागात खंडकऱ्यांची जमीन भेटते. खासगी साखर कारखान्यांना खंडाने दिलेल्या या जमिनी १९६१ च्या सीलिंग कायद्यात गेल्या, शेती महामंडळाकडे राहिल्या आणि कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर वारसांना परत मिळाल्या, त्याही वर्ग दोन म्हणून. अशा जमिनीत रान उत्तम असतं; फक्त वर्ग बदलल्याचा आदेश आणि त्याचा फेरफार हातात घेतल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

भंडारदऱ्याला काजवे बघून परत येताना माणसं मला विचारतात, तिकडे दहा-वीस गुंठे मिळतील का. तिथल्या बऱ्याच जमिनी महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. स्टँपपेपरवर ‘९९ वर्षांचा करार’ करून देणारे लोक फिरत असतात. तो कागद कोर्टात टिकायचा नाही आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतील, आदिवासी कुटुंबाचं रान त्याआधीच गेलेलं असेल. मी त्या वाटेला जात नाही.

दुसरं एक गाव माझ्या धंद्याला बंद आहे, पण त्याचं मला कौतुक वाटतं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या पुढाकारातून गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं, आणि बाहेरच्याला जमीन विकायची नाही असंही ठरवलं. जिल्ह्यात इतरत्र समृद्धी महामार्ग, सुप्याची एमआयडीसी, शिर्डीचं विमानतळ अशा नावांवर गुंठ्यांचे भाव उडत असताना इथला शेतकरी पाणी धरून बसला. एजंटाने असं बोलू नये, पण बोलतो.

सातबाऱ्यावरून मागे फेरफारात जायचं. किमान ३० वर्षांचे फेरफार काढा आणि दुय्यम निबंधकाकडे तेवढ्याच वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; नाव थोरल्याचं असलं तरी हक्क सगळ्या भावंडांचा. ‘अ.पा.क.’ दिसलं तर अज्ञान मुलाचा हिस्सा आहे, आणि त्या हिश्शाच्या विक्रीला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. मग वारसनोंदी. वडील वारले, तीन मुलांची नावं लागली. मुली किती होत्या? इथे घरात आवाज खाली येतो. “बहिणींचं काही नाही हो, त्या सुखात आहेत.” बहिणी सुखात असोत, सही पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची शंकाही संपवली. हक्कसोड असेल तर ती नोंदणीकृतच हवी. मी बहिणींना खरेदीच्या दिवशी समक्ष बोलावतो. आणि त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात वेगळ्या चेकने जावा असा आग्रह धरतो. काही भाऊ यावरून माझ्यावर रुसलेत.

तुम्ही स्वतः शेतकरी आहात का, हेही आधीच सांगा. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘आजोबांची जमीन होती’ एवढ्याने भागत नाही. ती अजून कुटुंबात असेल तर आधी तिथे वारसाने नाव लावा, तो सातबारा घेऊन या.

मोजणीला मात्र घाई करू नका, आणि टाळूही नका. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा कागदावर एक आणि वहिवाटीला दुसरं अशी कित्येक घरं झाली. नकाशाप्रमाणे जो गट तुमचा, तो शेजारी कसतोय आणि त्याचा तुम्ही. दोन्ही बाजूंचा ताबा १२ वर्षांपेक्षा जुना असेल तर अदलाबदल करून घ्यायला २०२३ मध्ये सरकारने सलोखा योजना आणली: मुद्रांक शुल्क १,००० रुपये, नोंदणी फी १०० रुपये. मुदतीची चौकशी करून विकणाऱ्यालाच आधी ते निस्तरायला सांगा. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी शेजाऱ्यांना नोटिसा देऊन होते. त्या दिवशी घेणाऱ्याने हजर राहावं, आणि खुणेचे दगड रोवून झाल्यावर सगळ्यांना चहा पाजावा. सरकारी खर्चात हा चहा धरलेला नसतो.

किती घेणार? आमच्या जिल्ह्यात २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १०. त्याखालचा तुकडा पाडून विकता येत नाही. म्हणून पाच मित्र मिळून एका खरेदीखतात २० गुंठे घेतात आणि आपापसांत तारेचं कुंपण घालून चार-चार गुंठे वाटून घेतात. सातबारा सामाईकच राहतो. एकाला विकायचं झालं किंवा एक वारला, की बाकीच्या चौघांची झोप जाते. निवासी वगैरे झोनमधल्या जुन्या तुकड्यांना २०२५ साली सवलत मिळाली. माळरानावरच्या ‘फार्महाऊस प्लॉट’ला ती चिकटवून विकणारे आहेत, त्यांच्याकडून आदेशाची प्रत मागा.

राहिलं ते सोपं. इसार थोडा द्यायचा, चेकने, आणि मुदत लिहून. मुद्रांक शुल्क रेडी रेकनर किंवा ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. दस्त झाला की सूची दोन ताब्यात घ्यायची. फेरफाराची नोटीस निघते, १५ दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात ‘तलाठी तात्या’च विचारायचं. माझी दलाली फेरफार प्रमाणित झाल्यावर. शेतजमिनीच्या मध्यस्थाला रेराची नोंदणी लागत नाही, मोटारसायकल आणि मोबाइल असला की कुणीही एजंट होतो. तेव्हा जो दस्ताच्या आधीच सगळे पैसे मागतो त्याच्याकडून नुसता चहा घ्यावा आणि निघावं.

नोंद झाल्यावर पहिल्याच हंगामात काहीतरी पेरा, निदान हुलगा-मटकी, आणि ई-पीक पाहणीत ते स्वतः नोंदवा. पडीक रानावर शेजाऱ्याचा नांगर दरवर्षी एक तास आत सरकतो. मोटारीची वीजजोडणी बहुतेक वेळा मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. नाव बदलायचा अर्ज लगेच टाका, आणि थकबाकी असेल तर ती कुणी भरायची हे इसाराच्या कागदावरच लिहिलेलं असू द्या.