डायकॉम प्रतिमांचे वाचन

डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचे व त्यांची देवाणघेवाण करण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. सीटी स्कॅन, एमआरआय आणि डिजिटल क्ष-किरण तपासणीच्या प्रतिमा सामान्यतः याच स्वरूपात असतात व त्या पाहण्यासाठी डायकॉम दर्शक हे सॉफ्टवेअर वापरले जाते. डायकॉम फाइलमध्ये मोजमापांचे आकडे आणि त्यांचा अर्थ सांगणारी माहिती असते. पडद्यावरील चित्र दर्शक त्यांच्या आधारे तयार करतो. त्यामुळे चित्राची अचूकता फाइल कशी वाचली जाते यावरही अवलंबून असते.

इतिहास

संगणकीकृत तपासणी यंत्रांच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक उत्पादकाचे फाइल-स्वरूप वेगळे असे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी आणि नॅशनल इलेक्ट्रिकल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या संस्थांनी १९८३ मध्ये संयुक्त समिती स्थापन केली. समितीचे पहिले मानक १९८५ मध्ये व दुसरे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९३ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून डायकॉम हे नाव रूढ झाले. भारत सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद मानकांतही डायकॉमचा समावेश आहे.

फाइलची रचना

फाइलच्या प्रारंभी १२८ बाइटांची राखीव जागा आणि त्यानंतर डी, आय, सी, एम ही चार रोमन अक्षरे असतात. फाइलची ओळख या अक्षरांवरून पटते. म्हणून नावाला एक्स्टेंशन नसले तरी ती उघडू शकते. पुढील प्रत्येक नोंदीला क्रमांकांची ठरावीक जोडी दिलेली असते. उदाहरणार्थ, (००१०,००१०) ही जोडी रुग्णाचे नाव दर्शवते.

वाचनाचे टप्पे

एका सीटी तपासणीत शेकडो काप असू शकतात व प्रत्येक काप बहुधा स्वतंत्र फाइलमध्ये असतो. म्हणून दर्शकात एकेक फाइल न निवडता संपूर्ण फोल्डर निवडला जातो. तपासणी व मालिका यांच्या ओळख-क्रमांकांनुसार दर्शक फाइलींचे गट करतो. कापांचा क्रम शरीरातील त्यांच्या स्थानाच्या नोंदीवरून लावणे आवश्यक असते. केवळ नावांच्या अक्षरक्रमाने मांडणी केल्यास दहावा काप दुसऱ्याच्या आधी येऊ शकतो व त्रिमितीय प्रतिमा विकृत होते.

आकडे जेपीईजी २००० सारख्या पद्धतीने संकुचित केलेले असतील, तर दर्शकाला ती पद्धत उलगडता यावी लागते. अन्यथा रुग्णाचे नाव दिसते, पण चित्र दिसत नाही.

सीटीमधील मूळ आकड्यांना फाइलमध्ये दिलेल्या गुणकाने गुणून त्यांत एक स्थिरांक मिळवला की हाउन्सफील्ड एककातील मूल्य मिळते. या मापनश्रेणीत पाण्याचे मूल्य ० आणि हवेचे उणे १००० असते. ही संपूर्ण श्रेणी करड्या रंगाच्या मोजक्या छटांत एकाच वेळी स्पष्ट दाखवता येत नाही; म्हणून तिचा निवडक पट्टा दाखवतात. त्याला विंडो म्हणतात. मेंदूसाठी साधारण ० ते ८० हा पट्टा वापरला जातो. छातीच्या प्रतिमेला तोच पट्टा लावल्यास हवेने भरलेली फुप्फुसे पूर्ण काळी दिसतात. उणे १३५० ते १५० हा पट्टा निवडताच त्याच फाइलमधील फुप्फुसांचे बारकावे दिसू लागतात.

मर्यादा व दक्षता

पडद्याचे छायाचित्र किंवा साधी जेपीईजी प्रत काढल्यास मूळ मूल्ये नष्ट होतात. नंतर विंडो खऱ्या अर्थाने बदलता येत नाही.

डावी-उजवी बाजू हा विशेष दक्षतेचा विषय आहे. प्रचलित संकेतानुसार रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे दिसते. डायकॉमच्या निर्देशांक-पद्धतीत पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, तर मेंदूच्या संशोधनात वापरल्या जाणाऱ्या निफ्टी स्वरूपात तो उजवीकडे वाढतो. रूपांतरात हा फरक दुर्लक्षिला गेल्यास बाजूंची अदलाबदल होते आणि मेंदू जवळजवळ सममित असल्याने ती नजरेने सहज लक्षात येत नाही.

फाइलचे नाव बदलल्याने आतील रुग्णाचे नाव, जन्मतारीख इत्यादी नोंदी पुसल्या जात नाहीत. अध्यापन वा संशोधनासाठी फाइल देण्यापूर्वी त्या स्वतंत्रपणे काढाव्या लागतात. सोनोग्राफीत नाव अनेकदा चित्रातच उमटलेले असते, तर डोक्याच्या कापांवरून चेहऱ्याची त्रिमितीय आकृती तयार करता येते.

थ्रीडी स्लायसर, होरोस यांसारखे मुक्त-स्रोत दर्शक शिक्षण व संशोधनासाठी उपयुक्त आहेत. रोगनिदानासाठी मात्र त्या कामाकरिता मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर आणि योग्य प्रतीचा पडदा आवश्यक असतो.