दिवसाला हजार कोटी

२०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ५८ लाख भरली. एचआयव्हीची लागण झालेल्या आणि औषध सुरू न केलेल्या एकाच माणसाच्या अंगात दर दिवशी सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसांच्या सतराशे पट! पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहूनही जास्त. डेव्हिड हो, ॲलन पेरेलसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हा हिशोब मांडला. त्याआधी बऱ्याच जाणकारांना वाटायचं, की लागण झाल्यावर विषाणू कित्येक वर्षं निपचित पडून राहतो.

एका विषाणूचा व्यास मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग. दिवसभराचे हजार कोटी एका रांगेत लावले तर रांग किलोमीटरभर लांब होईल, आणि वजन भरेल ग्रॅमचा जेमतेम लाखावा भाग. एवढ्यानं धडधाकट माणूस खंगतो.

विषाणू धरतो ती पांढरी पेशी सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीला हुकूम देणारीच. तिला चिकटून तो आत शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात जोडून टाकतो. माणसाच्या जनुकीय मजकुरात ३०० कोटींहून अधिक अक्षरं. या घुसखोराची ९,७०० च्या आसपास. तेवढ्यावर पेशी त्याच्या ताब्यात जाते, विषाणू बाहेर सोडत राहते आणि दोनेक दिवसांत मरते.

शरीर हार मानत नाही, नव्या पेशी तयार करत राहतं. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ५०० ते १,५०० सीडी-४ पेशी असतात. लागण झाल्यावर वर्षाला पन्नास-शंभर घटत जातात. म्हणून आठ-दहा वर्षं माणूस शेतात राबतो, ऊसतोडीला जातो, लेकरांची लग्नं लावतो, आणि कुणाला काही कळत नाही. आकडा २०० च्या खाली गेला की त्याला एड्स म्हणतात. तोंडात पांढरा थर, न थांबणारे जुलाब, विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया. टीबी तर आकडा एवढा उतरायची वाटही बघत नाही.

मला सगळ्यात थक्क करतो तो चुकांचा हिशोब. नक्कल करताना हा विषाणू साधारण तीन प्रतींमागे एक अक्षर चुकवतो. वर्षाला त्याच्या सुमारे १४० पिढ्या होतात. माणसाला तेवढ्या पिढ्यांना साडेतीन हजार वर्षं लागतील. रोज हजार कोटी प्रती निघतात, म्हणजे शक्य असलेली प्रत्येक एकेरी चूक रोज कुठे ना कुठे घडतेच. लॅमिव्ह्युडिन या औषधाला निकामी करायला एकच बदल पुरतो. पण तीन वेगवेगळ्या औषधांना चुकवणारे तीन बदल एकाच प्रतीत एकदम यायचे, तर शक्यता कित्येक लाख कोटींत एक. इथे हजार कोटीही तोकडे पडतात. आजच्या एका गोळीत तीन औषधं असतात ती याच गणितापायी.

भारतात हे उपचार, म्हणजे एआरटी, सरकारी दवाखान्यांत मोफत सुरू झाले १ एप्रिल २००४ ला. औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' उभारलं ते २००७ मध्ये. २००९ मध्ये ही मुलं गावच्या शाळेत बसू लागली, तर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून हा विषाणू लागत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. त्या लेकरांना विषाणूपेक्षा माणसांनी जास्त छळलं, असं मी म्हणेन. ती मुलं गोळ्या घेत मोठी झाली. पुढे तिथल्या मुलामुलींची लग्नंही झाली. मग बाळांचं काय? बाधित आईला औषध नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर औषध मिळालं तर पाचांहून कमी.

मात्र विषाणू पुरता जात नाही. दहा लाख निवांत सीडी-४ पेशींमागे साधारण एकीत तो दडून राहतो, आणि हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो दोन-तीन आठवड्यांत परत दिसतो. त्यामुळे ऊसतोडीला सहा महिने परमुलखात निघालेल्यानं आधी एआरटी सेंटरवर तसं सांगावं आणि तेवढ्या दिवसांच्या गोळ्यांची सोय करूनच गाडीत बसावं.