'गेला आहे' आणि 'जाऊन आला आहे'

मुलाखतीत उमेदवार सांगतो, 'आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन २०१९.' वाक्य सफाईदार, पण चुकलेलं. 'मी २०१९मध्ये पदवी घेतली आहे' हे मराठीत कुणाला खटकत नाही, म्हणून ते तसंच इंग्रजीत उतरतं. इंग्रजी मात्र तिथे अडून बसतं.

शाळेत 'हॅव कम्प्लीटेड'सारख्या रूपांच्या या काळाचं नाव आपण 'पूर्ण वर्तमानकाळ' असं शिकलो आणि सगळं लक्ष 'पूर्ण'वर दिलं. खरा शब्द 'वर्तमान' आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅव' म्हणजे जवळ असणं. 'पत्र माझ्याजवळ लिहिलेल्या स्थितीत आहे' अशा धाटणीच्या वाक्यांतून हा काळ घडला. पुढे शब्दांचा क्रम बदलला, मालकीचा अर्थ विरला, पण आजशी असलेला धागा तुटला नाही. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हटलं की किल्ली अजून सापडलेली नाही, माणूस दाराबाहेर उभा आहे. 'आय लॉस्ट माय की' एवढंच सांगतं की ती कधीतरी हरवली. पुढे सापडली का, याबद्दल ते गप्प. म्हणूनच काल, २०१९मध्ये, दोन वर्षांपूर्वी असे शब्द या काळाला चालत नाहीत. ते क्रियेला मागच्या, संपलेल्या वेळेशी बांधून टाकतात. तिथे साधा भूतकाळच हवा: 'आय कम्प्लीटेड'.

'गॉन' आणि 'बीन' यांत अनेकांचा गोंधळ होतो, आणि तो व्हायचं खरं तर कारण नाही, कारण हा भेद मराठीत लख्ख आहे. 'तो दिल्लीला गेला आहे', म्हणजे अजून तिकडेच: 'ही हॅज गॉन टू दिल्ली'. 'तो दिल्लीला जाऊन आला आहे': 'ही हॅज बीन टू दिल्ली'. 'मी रायगड पाहिलेला आहे' यातला '-लेला आहे'सुद्धा असाच. कधी पाहिला हे महत्त्वाचं नाही, पाहिल्याचा अनुभव आज गाठीशी आहे. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाआधी स्वतःची ही वाक्यं आठवावीत, असं मला मनापासून वाटतं.

मराठी दगा देते ती दुसरीकडे. दारात पाहुणे दिसताच आपण ओरडतो, 'पाहुणे आले!' रूप भूतकाळाचं, पण ते आत्ता समोर उभे आहेत. ब्रिटिश इंग्रजीत इथे 'द गेस्ट्स हॅव अराइव्ह्ड' म्हणतील. अमेरिकी बोलण्यात मात्र अशा जागी साधा भूतकाळही चालतो. 'डिड यू ईट यट?' तिथे सर्रास ऐकू येतं, तेव्हा अमेरिकी मालिकेत ते ऐकून दचकू नका.

'मी दहा वर्षं पुण्यात राहतो' यात तर आपण चक्क साधा वर्तमानकाळ वापरतो आणि इंग्रजीत 'आय अॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' म्हणून मोकळे होतो. हवं ते 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स'. किती काळ, याला 'फॉर'. कधीपासून, याला 'सिन्स'.

आज बीबीसीवरची एखादी ताजी इंग्रजी बातमी ऐका. पुष्कळदा पहिल्या वाक्यात 'हॅज' असतं आणि तपशील सुरू होताच साधा भूतकाळ येतो. अशी पाच वाक्यं वहीत उतरवा आणि प्रत्येकासमोर आपलं मराठी वाक्य लिहून पाहा.