राजशाहीचे जोहा सर

आपल्याकडे शिक्षक दिन ५ सप्टेंबरला येतो. मुले फुले आणतात, दहावीच्या मुली साड्या नेसून एक दिवस वर्ग घेतात आणि आम्ही शिक्षक मागच्या बाकावर बसून कौतुकाने पाहतो. बांगलादेशातल्या राजशाही विद्यापीठात हा दिवस १८ फेब्रुवारीला पाळतात, आणि तिथे फुले वाहिली जातात ती एका कबरीवर. ही कबर कब्रस्तानात नाही. ती विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीसमोर, येता-जाता प्रत्येकाच्या नजरेस पडेल अशी आहे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सय्यद मुहम्मद शम्सुज्जोहा तिथे दफन आहेत. शम्स म्हणजे सूर्य आणि जुहा म्हणजे दिवस वर चढतानाचा उजेड. बंगाली उच्चारात जुहाचे जोहा झाले. विद्यार्थी त्यांना जोहा सरच म्हणत.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाची कबर विद्यापीठाच्या अंगणात का, हे समजायला सतरा वर्षे मागे, १९५२ च्या ढाक्यात जावे लागते.

पाकिस्तान झाले तेव्हा पूर्व आणि पश्चिम मिळून निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा बंगाली होती. उर्दू ज्यांची घरची भाषा होती असे लोक शंभरात सात-आठ. तरीही मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात येऊन सांगितले, की राजभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. कर्झन हॉलमधल्या पदवीदान समारंभात हेच वाक्य पुन्हा आले तेव्हा समोरच्या काही विद्यार्थ्यांनी तिथल्या तिथे ‘नाही’ म्हटले. पुढे २७ जानेवारी १९५२ ला पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी पलटण मैदानात तीच गोष्ट उगाळली. ते स्वतः ढाक्याचेच. विद्यार्थ्यांनी २१ फेब्रुवारीला हरताळ पुकारला आणि आदल्या संध्याकाळी सरकारने १४४ कलम लावून जमावबंदी केली.

त्या रात्री मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांची बैठक झाली. त्यातल्या बहुतेकांचे मत पडले, की जमावबंदी मोडू नये. सकाळी विद्यापीठाच्या आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली जमलेल्या मुलांनी उलट ठरवले: दहा-दहाच्या तुकड्या करून बाहेर पडायचे. सुरुवातीच्या तुकड्यांमध्ये मुलीही होत्या. ज्या विद्यापीठात मुलाला मुलीशी बोलायचे असले तर प्रॉक्टरची परवानगी लागे, तिथल्या त्या मुली. लाठ्या झाल्या, अश्रुधूर झाला. दुपारी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहापाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अबुल बरकत हा राज्यशास्त्राचा एम. ए. चा विद्यार्थी गेला. रफीकुद्दीन, जब्बार, सलाम यांची नावे आज तिथले प्रत्येक मूल जाणते. मेडिकलच्या मुलांनी एका रात्रीत विटा-सिमेंट जमवून शहीद मिनार उभारला, तो पोलिसांनी २६ तारखेला पाडला. १९५६ च्या राज्यघटनेत उर्दूच्या जोडीला बंगाली आली. १९९९ मध्ये युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा जागतिक मातृभाषा दिन ठरवला.

मी स्वतः उर्दू शिकवते, म्हणून इथे थोडे थांबते. आपल्याकडे हा किस्सा सांगितला, की कोणीतरी हमखास म्हणते, उर्दूमुळे देश फुटला. भाषेने काही केले नाही. एका गोड जबानीची सरकारने छडी केली, आणि छडी ज्याच्या अंगावर पडते त्याला तिच्यातला गोडवा कसा कळणार? आपल्या घरांत दादी दखनी बोलते, अब्बा बाजारात मराठीत भाव करतात, मुलगी उर्दू वाचते आणि कोणाला कोणाची अडचण होत नाही. कारण कोणी हुकूम सोडलेला नाही.

१९५२ मध्ये शम्सुज्जोहा ढाका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होते. जन्म पश्चिम बंगालमधल्या बांकुड्याचा, १९३४ चा. घरचे लोक १९५० मध्ये सीमा ओलांडून पूर्वेकडे आले होते. गोळीबारात गेलेला बरकतही मुर्शिदाबादहून आलेला. म्हणजे नव्या देशावर विश्वास ठेवून आलेल्या घरांतलीच ही मुले होती.

त्या गोळीबारानंतर शिक्षकांनी काय केले, हेही सांगायला हवे. काही जण घरी बसले. काहींनी निषेधाची सभा घेतली आणि त्यापायी तुरुंगात गेले. त्यांत मुनीर चौधरी होते. सहकैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी तुरुंगात ‘कबर’ नावाचे नाटक लिहिले आणि १९५३ च्या २१ फेब्रुवारीला कैद्यांनी ते ढाक्याच्या मध्यवर्ती कारागृहात कंदिलांच्या उजेडात केले. हे गृहस्थ कैदेत असतानाच बंगालीच्या एम. ए. ची परीक्षाही पहिल्या वर्गात पास झाले. परीक्षेच्या आदल्या दिवशी डोके दुखते म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगावे.

जोहा सर पुढे लंडनला इंपीरियल कॉलेजात शिकून आले आणि १९६१ मध्ये राजशाहीत शिकवू लागले. राजशाही पद्मेच्या काठावर आहे, पलीकडे आपला मुर्शिदाबाद जिल्हा. विद्यापीठ नवे, १९५३ चे. त्याच वर्षी, १९६१ मध्ये, अयुब खान यांच्या लष्करी राजवटीने विद्यापीठांसाठी वटहुकूम काढला, स्वायत्तता काढून घेतली आणि शिक्षकांची तोंडे बांधली. पुढच्या वर्षी शिक्षण महाग करणाऱ्या सरकारी अहवालाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले आणि १७ सप्टेंबर १९६२ ला पुन्हा गोळीबार झाला.

पण त्या काळातली सर्वांत चलाख युक्ती गोळीची नव्हती. सरकारने विद्यार्थ्यांतूनच आपली एक टोळी उभी केली. नॅशनल स्टुडंट्स फेडरेशन हे तिचे नाव. वसतिगृहांत हॉकी स्टिक घेऊन फिरणाऱ्या, विरोधी बोलणाऱ्याला बदडणाऱ्या या मुलांना पोलीस हात लावत नसत. पोलिसांची लाठी दुरून येताना दिसते. बाजूच्या खाटेवरचा मुलगाच खबऱ्या असेल तर काय करायचे? ही युक्ती लक्षात ठेवावी, कारण ती अयुब खानांबरोबर गेली नाही.

१९६९ उजाडले तेव्हा विद्यार्थी संघटनांनी एकत्र येऊन अकरा मागण्या पुढे ठेवल्या होत्या. २० जानेवारीला ढाक्यात असद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीने गेला. १५ फेब्रुवारीला छावणीत कैदेत असलेल्या सार्जंट जहुरुल हक यांना गोळी घालून मारले आणि सगळा प्रांत पेटला.

जोहा सर तेव्हा राजशाहीचे प्रॉक्टर होते. प्रॉक्टर म्हणजे शिस्त सांभाळणारा अधिकारी. मुले ज्याला पाहून सिगारेट लपवतात तो. १७ फेब्रुवारीला शहरात विद्यार्थ्यांच्या मोर्चावर लाठ्या पडल्या. सर जखमी मुलांपाशी धावले, त्यांना रुग्णालयात पोहोचवले. त्यांचा शर्ट मुलांच्या रक्ताने भरला. संध्याकाळी शिक्षकांच्या सभेत तोच शर्ट दाखवून ते म्हणाले, की यापुढे गोळी चाललीच तर विद्यार्थ्याला लागण्याआधी ती मला लागेल.

सभेत बोललेले पुष्कळदा सभेतच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले जमावबंदी मोडायला मुख्य फाटकाकडे निघाली. फाटकाबाहेर नाटोरच्या रस्त्यावर सैनिक बंदुका रोखून उभे. सर आणि आणखी काही शिक्षक मधे गेले. त्यांनी अधिकाऱ्याला विनवले, गोळी चालवू नका, माझी मुले आत्ता परत जातील. मग मुलांकडे वळून त्यांना मागे हटायला लावले. मुले हटू लागली होती. तरीही गोळी चालली, संगीन चालली, आणि सर पडले. त्याच दिवशी त्यांचा इंतकाल झाला. वय ३४. घरी बीवी आणि लहान मुलगी.

बातमी ढाक्याला पोहोचली त्या रात्री लोक संचारबंदी झुगारून रस्त्यावर आले. चार दिवसांत आगरतळा खटला मागे घेऊन शेख मुजीब यांना सोडावे लागले आणि २५ मार्चला अयुब खान पायउतार झाले. एका प्राध्यापकाच्या मृत्यूने हे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, वणवा आधीच लागला होता. पण आतापर्यंत विद्यार्थी मरत होते, आता गुरुजीही मारले गेले, हे खेड्यातल्या माणसालाही कळले.

१९७१ ची कहाणी वाचकांना ठाऊक आहे, ती थोडक्यात सांगते. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्य ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत शिरले आणि विद्यार्थी-शिक्षकांची कत्तल झाली. १४ डिसेंबरला, विजयाला दोन दिवस उरले असताना, मुनीर चौधरींना त्यांच्या घरातून उचलून नेले. ते परत आले नाहीत. नेणारे अल-बद्रचे होते, दीनचे नाव घेणारे. हे आपल्या मासिकात साफ शब्दांत लिहिले पाहिजे, म्हणून लिहिते.

स्वतंत्र बांगलादेशाने १९७३ मध्ये ढाका, राजशाही वगैरे विद्यापीठांना स्वायत्ततेचे कायदे दिले. कागदावर ते उत्तम आहेत. पण जुनी युक्ती टिकली. १९५२ मध्ये आणि १९६९ मध्ये गोळ्यांसमोर उभी असलेली छात्र लीग हीच पुढे सत्ताधारी पक्षाची विद्यार्थी संघटना झाली आणि शेख हसीना यांच्या काळात वसतिगृहे तिच्या मुठीत गेली. ढाका विद्यापीठात नव्या मुलांना ‘गणरूम’ मिळे, म्हणजे एका खोलीत दाटीवाटीने जमिनीवर झोपणे. त्या जागेच्या बदल्यात मोर्चाला जायचे, नेत्याला सलाम करायचा, आणि रात्री ‘गेस्टरूम’मध्ये हजेरी द्यायची. तिथे चुकार मुलांची झडती होई. विरोधी पक्ष सत्तेवर होता तेव्हा त्याच्या मुलांनीही हेच केले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठात अबरार फहाद या मुलाला त्याच्या फेसबुकवरच्या मजकुरावरून छात्र लीगच्या मुलांनी वसतिगृहात रात्रभर मारले. सकाळपर्यंत तो गेला होता. हुशार मुलांच्या त्या विद्यापीठातले वीस जण त्याबद्दल फाशीच्या शिक्षेला पात्र ठरले. मारणारेही कोणाच्या तरी घरची शिकलेली लेकरेच.

जुलै २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या प्रश्नावरून विद्यार्थी उठले. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुला-नातवंडांसाठी तीस टक्के जागा ठेवण्याची पद्धत न्यायालयाने परत आणली होती. १५ जुलैला ढाका विद्यापीठात छात्र लीगने मुला-मुलींवर हल्ला केला. त्याच दिवशी रंगपूरच्या बेगम रुकय्या विद्यापीठातल्या अबू सईद या इंग्रजीच्या विद्यार्थ्याने फेसबुकवर लिहिले. मजकूर जोहा सरांना उद्देशून होता: या घडीला तुमची फार गरज आहे, सर. तुमच्या वेळचे सगळे तर गेले, असेही त्यात होते.

बेगम रुकय्या म्हणजे मुस्लिम मुलींच्या तालीमसाठी कोलकात्यात १९११ मध्ये शाळा काढणाऱ्या रुकय्या सखावत हुसेन. त्यांचे जन्मगाव रंगपूरजवळच आहे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या फाटकासमोर १६ जुलैला अबू सईद दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर एकटा उभा राहिला. हातात एक काठी, बस्स. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चित्रफीत जगाने पाहिली. गरीब घरातला, बऱ्याच भावंडांतला, विद्यापीठापर्यंत पोहोचलेला तो मुलगा.

त्यानंतर इंटरनेट बंद, संचारबंदी आणि ५ ऑगस्टला पंतप्रधानांचे पलायन. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अहवालानुसार त्या दीड महिन्यात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. काही शिक्षक त्या दिवसांत मुलांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. बरेचसे कुलगुरू गप्प होते. सरकार गेल्यावर ते एकापाठोपाठ एक राजीनामे देऊन गेले. पक्षाने नेमलेला कुलगुरू पक्षाबरोबरच जातो, यात नवल नाही.

इथे कहाणी संपवली असती तर बरे वाटले असते. पण पुढच्या आठवड्यांत शाळा-महाविद्यालयांत मुलांनी शिक्षकांना घेरून, जबरदस्तीने राजीनामे लिहून घेतल्याच्या चित्रफिती आल्या. त्यांतले काही शिक्षक लबाड असतील, काहींनी वशिल्याने खुर्ची मिळवली असेल. पण रडणाऱ्या बाईंच्या समोर कागद धरून ओरडणारा तो मुलगा पाहिला आणि मला मोबाईल खाली ठेवावा लागला. १८ सप्टेंबर २०२४ ला तर ढाका विद्यापीठाच्या फजलुल हक मुस्लिम हॉलमध्ये मनाने आजारी असलेल्या एका तरुणाला मोबाईल चोर समजून पकडले, मधे जेवू घातले आणि मारून टाकले. या वेळी छात्र लीग नव्हती. विद्यार्थीच होते. महिन्यापूर्वी ज्यांना सारा देश सलाम करत होता, त्याच आवारातले.

म्हणून मला १८ फेब्रुवारीच्या त्या सकाळी जोहा सरांनी केलेल्या दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात. त्यांनी बंदूकवाल्याला अडवले, आणि आपल्या मुलांनाही अडवले. त्यांचा तोंडावळा जुन्या कृष्णधवल छायाचित्रात अगदी साधा दिसतो, कोट-टाय घातलेला, कुठल्याही कॉलेजातला सायन्सचा सर असावा तसा. मुलांनी त्या दिवशी त्यांचे ऐकले. आदल्या संध्याकाळी रुग्णालयात त्यांना जखमी मित्रांच्या खाटेपाशी पाहिलेले होते.