एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं

अभियांत्रिकीला गेलेल्या मुलाचा लॅपटॉप घरी येतो तो विंडोज घेऊन, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र उबुंटू हे लिनक्स असतं. मग होस्टेलवरचा एखादा सीनियर पेनड्राइव्ह घेऊन बसतो, डिस्कचे भाग पाडतो, आणि त्यानंतर लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर विचारणा होते: उबुंटूत जायचं की विंडोजमध्ये? यालाच ड्युअल बूट म्हणतात. होस्टेलच्या खोलीत तासाभरात उरकणाऱ्या या कामामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्यात चतुर तंत्रज्ञ आहेत, लपवलेले मेनू आहेत, कोर्टकज्जेही आहेत. हा सगळा इतिहास चाळला की एक गोष्ट लक्षात येते. डिस्कची वाटणी करणं कधीच फारसं अवघड नव्हतं. भांडण होत आलं ते संगणक चालू झाल्यावर पहिला ताबा कुणी घ्यायचा यावरून.

पाचशे बारा बाइट

मार्च १९८३मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलवरचे दोन-चार फोटो तेवढी जागा खातात. सोबत आलेल्या डॉस २.०मध्ये या डिस्कचे भाग पाडायची सोय होती आणि ती एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली होती. कारण डॉसला तेव्हा स्पर्धक होते: सीपी/एम-८६ होती, युनिक्सच्या घराण्यातली झेनिक्स होती. सारी व्यवस्था डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांत बसवलेली होती. त्यातले ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रामसाठी, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी चार भागांसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. हीच मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर.

संगणक चालू झाला की बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, हा सेक्टर मेमरीत उचलतो आणि त्यातल्या प्रोग्रामच्या हाती कारभार देतो. तो प्रोग्राम चार नोंदींपैकी ‘ॲक्टिव्ह’ अशी खूण असलेला भाग शोधतो आणि तिथली सिस्टिम सुरू करतो. दुसरी सिस्टिम हवी असेल तर एफडिस्क हा प्रोग्राम चालवून खूण हलवायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. मेनू वगैरे काही नव्हता. पण त्या पहिल्या सेक्टरमध्ये जो लिहील तो पुढचं सगळं ठरवील, हे तेव्हाच ठरून गेलं. याच रचनेत एक मर्यादाही दडलेली होती. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने २ टेराबाइटच्या पलीकडची जागा एमबीआरच्या हिशेबात बसत नाही. १० मेगाबाइटच्या काळात या मर्यादेची काळजी कोण करणार!

मेनूचे दिवस

निवडीचा खराखुरा मेनू नव्वदच्या दशकात रुळला. आयबीएमच्या ओएस/२ २.०सोबत १९९२मध्ये ‘बूट मॅनेजर’ आला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आली, तीही जुन्या डॉसच्या शेजारी राहू शकत होती आणि सुरुवातीला कोणती सिस्टिम हवी ते विचारत होती. म्हणजे ज्या कंपनीवर पुढे दुसऱ्यांना जागा न दिल्याचा आरोप झाला, तिनेच स्वतःच्या दोन सिस्टिमसाठी ही सोय आनंदाने दिली होती.

लिनक्स तर वाटणी केलेल्या डिस्कवरच वाढलं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१च्या सुरुवातीला ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला. मिनिक्स या युनिक्ससारख्या छोट्या सिस्टिमच्या फ्लॉपी येईपर्यंत तो डॉसवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत होता. मिनिक्स आल्यावर तिच्या आधाराने त्याने स्वतःची सिस्टिम लिहायला घेतली. एकदा विद्यापीठाच्या संगणकाला मोडेमवरून फोन लावायची आज्ञा चुकून हार्ड डिस्कला गेली आणि मिनिक्सचा भाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा टाकण्यापेक्षा आपल्याच सिस्टिमवर मुक्काम हलवावा, असं त्याने ठरवलं.

लिनक्स वापरायला निघालेल्या बाकीच्यांना मात्र विंडोज सोडवत नव्हती. त्यांच्यासाठी वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिलो हा बूट लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, लिहिला. लिलोला फाइल सिस्टिम वाचता येत नसे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, डिस्कवर नेमका कुठे आहे ती जागा तो आधीच टिपून ठेवी, म्हणून कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवावा लागे. सुरू होताना तो आपल्या नावातलं एकेक अक्षर पडद्यावर उमटवत जाई; दोन अक्षरांवर गाडी अडली तर बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते जाणकाराला लगेच कळे. शिवाय जुन्या बायॉसला १,०२४ सिलिंडरांपलीकडचं दिसत नसल्याने मोठ्या डिस्कवर कर्नल पहिल्या सुमारे ८ गिगाबाइटांत ठेवावा लागे. एरिक बोलेन यांनी १९९५मध्ये सुरू केलेला ग्रब मात्र फाइल सिस्टिम स्वतः वाचतो. म्हणूनच लिलो मागे पडला आणि ग्रब आजही टिकून आहे.

आपल्याकडे याच सुमारास पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. टेलिफोनच्या तारेवरून शेकडो मेगाबाइट उतरवणं अशक्य असलेल्या काळात अनेकांच्या पहिल्या ड्युअल बूटला ती सीडी कारण झाली. ‘विंडोज आधी, लिनक्स नंतर’ हा नियमही तेव्हाच मुखोद्गत झाला. कारण साधं होतं. विंडोजचा इन्स्टॉलर पहिल्या सेक्टरमध्ये कुणाला न विचारता स्वतःचा प्रोग्राम लिहून टाकी. लिनक्सचा इन्स्टॉलर आधी कोण राहतं आहे ते पाही आणि त्याचं नाव मेनूत घाली.

लपवलेली सिस्टिम

१९९८च्या अखेरीस जपानमध्ये हिताचीने फ्लोरा प्रायस नावाचा संगणक विकायला काढला. त्याच्या डिस्कवर विंडोजच्या जोडीला बीओएस ही देखणी, चपळ सिस्टिम होती. पण संगणक चालू केल्यावर मेनू दिसत नसे आणि सरळ विंडोज सुरू होई. बीओएसपर्यंत पोहोचायला ग्राहकालाच खटपट करावी लागे. ती बनवणाऱ्या बी कंपनीचे संस्थापक झाँ-लुई गासे यांचं म्हणणं असं होतं की विंडोजच्या परवान्यातल्या अटींमुळे उत्पादकांना दुसरा बूट लोडर दाखवता येत नाही. सिस्टिम विकत घेतलेली, डिस्कवर ठेवलेली, आणि तरी अदृश्य! फेब्रुवारी २००२मध्ये बीने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. सप्टेंबर २००३मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने दोष कबूल केला नाही. तोवर बीची मालमत्ता पाम कंपनीला विकली गेली होती. ड्युअल बूटच्या इतिहासात यापेक्षा बोलकं प्रकरण दुसरं नाही.

ॲपलने याच्या नेमकी उलटी वाट धरली. २००६च्या सुरुवातीला मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर आले, तेव्हा त्यावर विंडोज एक्सपी चालवून दाखवणाऱ्यासाठी हौशी मंडळींनी वर्गणी काढून १३ हजार डॉलरांहून मोठं बक्षीस जमवलं. मार्चमध्ये ते कुणीतरी जिंकलंही. ५ एप्रिलला ॲपलने स्वतःच बूट कॅम्प जाहीर केलं. ज्याचं विंडोजशिवाय अडतं अशा ग्राहकाला मॅक विकण्याचा तो उत्तम मार्ग होता. २०२०च्या नोव्हेंबरात ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले आणि बूट कॅम्पची सद्दी संपली. आता त्या यंत्रांवर लिनक्स बसवण्याचं काम असाही लिनक्स हा स्वयंसेवी प्रकल्प करतो.

किल्ली कुणाची

बायॉसची जागा पुढे यूईएफआयने घेतली आणि एमबीआरची जागा त्यासोबतच्या जीपीटी या रचनेने. चार भागांची मर्यादा गेली, साधारणपणे १२८ भागांची सोय झाली, २ टेराबाइटची भिंत पडली. त्याहून मोठा फायदा म्हणजे प्रत्येक सिस्टिमचा बूट लोडर आता एका सामाईक छोट्या भागात वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. एकाने दुसऱ्याचं पुसायचं कारण उरलं नाही. ताब्याचं भांडण इथे मिटायला हवं होतं.

ते मिटलं नाही. २०१२मध्ये विंडोज ८सोबत सिक्युअर बूट आलं: ओळखीच्या किल्लीने सही केलेला प्रोग्रामच सुरू होईल. उद्देश खोटा नव्हता, कारण सिस्टिमच्याही आधी चालू होणारे व्हायरस खरोखर असतात. पण बहुतेक यंत्रांमध्ये आधीपासून बसवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टची होती. मॅथ्यू गॅरेट यांनी ‘शिम’ हा छोटा प्रोग्राम तयार केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि पुढे शिमने ग्रबची खातरजमा करायची, अशी ही साखळी आहे. विंडोज ८च्या प्रमाणपत्रासाठी नेहमीच्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय ठेवणं उत्पादकांना बंधनकारक होतं. विंडोज १०च्या वेळी ते ऐच्छिक झालं.

ही साखळी किती नाजूक आहे ते ऑगस्ट २०२४मध्ये दिसलं. ग्रबमधल्या एका जुन्या त्रुटीचा बंदोबस्त करायला आलेल्या विंडोजच्या अपडेटने अनेक ड्युअल बूट यंत्रांवरचं लिनक्स सुरूच होऊ दिलं नाही. ड्युअल बूट असलेल्या संगणकांना हे अपडेट लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. पण काही यंत्रांत दुसरी सिस्टिम ओळखूच आली नाही. पूर्ण दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला.

आज करायचं तर

पहिलं काम म्हणजे महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणं. दुसरं, बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवणं. बूटच्या रचनेत बदल दिसला की विंडोज ती मागते आणि नेमकी तेव्हाच ती हाताशी नसते. विंडोजचा भाग आखडायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. फास्ट स्टार्टअप बंद करावं. त्यात ‘शट डाउन’ केलेली विंडोज खरं तर अर्धवट झोपलेली असते, आणि मग तिच्या फाइलींवर लिहायला लिनक्स नकार देतं.

घड्याळाची गंमत बहुतेकांना चक्रावून टाकते. यंत्रातलं घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं असं विंडोज डॉसच्या काळापासून धरून चालते. लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं. भारतात हा फरक साडेपाच तासांचा. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की सकाळच्या नऊला घड्याळ साडेतीन दाखवतं. यंत्रात बिघाड नसतो. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवणारी सेटिंग असते. या वाटेवर मराठीतून मार्गदर्शन हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे आहेत.

आता गरज किती?

थोडं लिनक्स शिकायचं असेल तर २०१६पासून विंडोजच्याच पोटात लिनक्स चालतं. व्हर्च्युअल मशीन आहे, पेनड्राइव्हवरून चालणारं लाइव्ह लिनक्सही आहे. नुसत्या शिक्षणासाठी डिस्क कापायची गरज उरलेली नाही. पण ग्राफिक्स कार्ड आणि मेमरी पूर्णपणे एकाच सिस्टिमला लागत असेल, एखादा खेळ किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय हलत नसेल, तर ड्युअल बूटला पर्याय नाही. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीला जागा असेल तर दोन्ही सिस्टिम वेगळ्या डिस्कवर ठेवणं सगळ्यात कमी कटकटीचं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या धडधाकट यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. अशा यंत्राच्या मालकाने जुनं एकदम पुसू नये. इंटरनेट तोडून विंडोज काही महिने जुन्या कामापुरती ठेवावी, शेजारी लिनक्स बसवावं आणि आपलं काम कुठे भागतं ते पाहावं. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने दुकानदाराला रॅम आणि प्रोसेसर विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: सिक्युअर बूट मला बंद करता येतं का, आणि माझी स्वतःची किल्ली त्यात घालता येते का? उत्तर नकारार्थी असेल तर त्या लॅपटॉपचे पैसे आपले जातील, पण तो कसा सुरू व्हावा हे दुसराच कुणी ठरवील.