पंडिता रमाबाईंची खरी कसोटी

पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तश्रद्धेचा विषय निघाला की आपण १८८३ च्या बाप्तिस्म्यावरच अडतो. त्याआधी दुष्काळात आईवडील गेले होते, १८८२ मध्ये पटकीने पती. डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंड गाठलं, तर बहिरेपण आडवं आलं! पण माझ्या मते खरी कसोटी लागली ती १९२१ मध्ये. एकुलती एक लेक मनोरमा, रमाबाईंच्या मुक्ती मिशन या संस्थेचा उजवा हात, आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. छपाईचं काम मिशनच्याच बायका करत. लेकीमागेही रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. पुणे-दौंड मार्गावर केडगावला मुक्ती मिशन आजही चालू आहे.