तेजाची तलवार

मीरा रोडच्या पूर्वेस पूनम सागर नावाची वस्ती आहे. तिच्या उत्तरेस वसईची खाडी पसरलेली असून खाडीपलीकडे वसईचा जुना किल्ला उभा आहे. 1737 ते 1739 या काळात चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांशी झुंजून तो किल्ला जिंकला. त्या युद्धाचा अखेरचा निकाल सुरुंगांनी व तोफांनी लावला हे खरे. तथापि तटाला खिंडार पडल्यावर आत घुसणाऱ्या शिपायाचा भरवसा हातातील तलवारीवरच असे. आज त्याच मुलुखातील इमारतींच्या अंगणांत मुले निळ्या-तांबड्या प्रकाशाच्या नळ्या घेऊन लुटुपुटीची लढाई खेळतात. त्या नळ्यांचे मूळ 1977 साली पडद्यावर आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटात आहे. त्यातील वीराच्या हाती पोलादी पाते नसते. नुसती मूठ असते. कळ दाबताच तिच्यातून दोन हात लांबीचे तेजाचे पाते बाहेर पडते आणि ते लोखंडाचे दारही लोण्यासारखे कापते.

असे शस्त्र खऱ्या तलवारबहाद्दराच्या हाती पडले, तर त्याची विद्या त्याला तारील, की तीच त्याचा घात करील? उत्तर शोधण्यासाठी प्रथम पोलादाची तलवार काय मागते ते पाहिले पाहिजे.

तलवारीने तोडणे म्हणजे काठीने झोडपणे नव्हे. ऊस तोडणारा कोयता किंचित आडवा लागला तर ऊस तुटत नाही, नुसता चेंगरतो. तलवारीचेही तसेच आहे. ज्या दिशेने पाते जाते त्याच रेषेत धार असावी लागते. मनगट थोडे वळले की वार फुकट जातो. वाकड्या तलवारीच्या वारात आणखी एक गोष्ट असते. विळीवर भाजी चिरणारी गृहिणी भाजी पात्यावर नुसती दाबत नाही, ती पुढे सरकवीत नेते. वाकड्या पात्याचा वारही असाच ओढीचा असतो. मराठ्यांना मात्र सरळ, लांब पातेही फार प्रिय होते. अशी पाती पुष्कळदा युरोपातून येत व त्यांवर येथे देशी मूठ बसविली जाई. म्हणून त्या तलवारीस ‘फिरंग’ म्हणत. नागपूरकर रघुजी भोसले यांची अशीच एक तलवार 2025 साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून परत मिळविली. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे आणि त्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरे कोरलेली आहेत.

तेजाच्या तलवारीला पाठ नाही आणि धारही नाही. किंवा असे म्हणावे, की ती सर्व बाजूंनी धारच आहे. ती कशीही लागली तरी कापणार. मग मनगटाचा तो सूक्ष्म अभ्यास, ती ओढ, खांद्यातून आणलेला जोर, या कशाचीच गरज उरत नाही. नुसता स्पर्श पुरे होतो. वर्षानुवर्षे कमावलेल्या विद्येचा एवढा मोठा भाग असा एका क्षणात निकामी व्हावा, याची कोणाही तलवारबहाद्दरास हळहळ वाटेल.

परंतु जे उरते ते थोडे नाही. शत्रूपासून किती अंतरावर उभे राहावे, पाऊल केव्हा पुढे टाकावे, डावीकडे डोळा दाखवून उजवीकडे कसे मारावे, ही विद्या शस्त्र बदलले तरी बदलत नाही. उलट स्पर्शच प्राणघातक झाला म्हणजे तिचे मोल वाढते. अशा द्वंद्वात शहाणा योद्धा शत्रूच्या मस्तकावर वार घालण्यासाठी पुढे धावणार नाही. त्याच्या अगदी जवळ येणारी वस्तू म्हणजे शत्रूचा शस्त्र धरलेला हात. तोच तो गाठील. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा जिवा महालाने त्याचा शस्त्र उगारलेला हातच छाटला. हात गेला म्हणजे शस्त्र गेले.

जुन्या कारागिरांनी हे पक्के ओळखले होते. म्हणूनच मराठी तलवारीच्या मुठीला बोटांच्या रक्षणासाठी लोखंडी परज असते, आणि पट्ट्याला तर कोपरापर्यंत हात झाकणारे चिलखतच असते. चित्रपटातील मूठ मात्र बहुधा उघडी नळी! 2015 सालच्या चित्रपटात एका खलनायकाच्या मुठीस दोन्ही बाजूंना तेजाचीच लहान पाती जोडलेली दाखविली. हाताचे रक्षण व्हावे म्हणून केलेली ही योजना. पण मनगट जरा जास्त वळले, की ती धन्याचेच मनगट कापील.

येथे पट्ट्याचा थोडा अधिक विचार केला पाहिजे. 2024 साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून घोषित केले. त्याची मूठ चिलखताच्या आत आडवी असते, त्यामुळे मनगट वाकत नाही. पाते लांब, सरळ व लवचिक असते आणि ते सर्व हात खांद्यापासून फिरवून चालवावे लागते. पट्टेकरी अंगाभोवती पात्याचे वर्तुळ उभे करतो. चार जण चालून आले तरी त्या वर्तुळात शिरायला धजत नाहीत. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत पट्ट्याने लिंबू कापून दाखवितात, आणि पाहणाऱ्याचा श्वास रोखला जातो. तो पट्टेकरी स्वतःला का कापून घेत नाही? कारण पाते कोठे आहे हे त्याला न पाहता कळते. पात्याचे वजन त्याच्या हाताला ते सांगत असते.

हे वजनाचे काम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डोळे मिटून लांब काठी धरली तर तिचे टोक कोठे आहे हे हातास बिनचूक उमगते. डोळे मिटून विजेरी धरली तर तिचा झोत कोणत्या भिंतीवर पडला आहे हे सांगता येत नाही, कारण प्रकाशाला हातास जाणवेल असा भार नाही. तेजाची तलवार ही अशी विजेरी आहे. तिचे पाते पाठीमागे गेले, की धन्याला ते कळणारच नाही. पट्ट्याचे हात त्याने तिने करू पाहिले, तर पहिला वार बहुधा त्याच्याच पायावर बसेल. वजन हे ओझे आहे असे आपण समजतो. तलवारबहाद्दराला ते डोळ्यांसारखे असते.

असे शस्त्र घडविता तरी येईल काय? दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांवर टाकले तर ते न अडता आरपार निघून जातात. म्हणजे नुसत्या प्रकाशाच्या तलवारींची टक्कर होणे नाही. शिवाय झोत दोन हातांवर थांबत नाही. अतितप्त, विद्युत्भारित वायूचे पाते करावे म्हटले, तर त्याचा मासला भाईंदरच्या लहान कारखान्यांतही पाहता येतो. विजेने लोखंड जोडणारा कारागीर जी ठिणगी पाडतो ती असल्याच वायूची असते. ती बोटाच्या पेराएवढीही नसते, तरी काळ्या काचेवाचून तिच्याकडे पाहिले तर डोळ्यांना इजा होते. दोन हात लांबीच्या पात्यापुढे लढणाऱ्याचे डोळे व कातडी यांची काय गत होईल!

मग चित्रपटातील द्वंद्वे इतकी देखणी का दिसतात? कारण ती खऱ्या तलवारीचीच द्वंद्वे आहेत. 1980 व 1983 सालच्या चित्रपटांत काळ्या वेषातील खलनायकाच्या लढाया बॉब अँडरसन या ब्रिटिश तलवारपटूने केल्या; 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो आपल्या देशाकडून लढला होता. पडद्यावरील योद्धे दोन्ही हातांनी मूठ धरून जड खड्ग फिरवावे तसे वार करतात. शस्त्र बिनवजनाचे, पण हालचाल वजनदार.

2019 साली फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने या खेळास रीतसर मान्यता दिली. खेळाडू मुखवटे चढवून प्रकाशमान, चिवट प्लॅस्टिकच्या तलवारींनी लढतात. मस्तकावर वा धडावर वार बसला तर पाच गुण, हातापायांवर तीन आणि पंजावर फक्त एक. शिवाय प्रत्येक वारापूर्वी तलवारीचे टोक स्वतःच्या पाठीमागे न्यावेच लागते. हा नियम नसता, तर चतुर खेळाडू हात पुढे करून नुसते टोचीत राहिले असते. सामना पापणी लवण्याच्या आत संपला असता आणि तो पाहायला कोणीही आले नसते.